होस्टेलवर महिनाभर टिकेल असा पौष्टिक खाऊ सुचवा (बजेट १००० रुपये)

शिरवळकरीण
नमस्कार. मुलगी यंदा कराडला इंजिनिअरिंगला गेलीये. महिन्यातून एकदा घरी येते आणि जाताना खाऊचा डबा घेऊन जाते. मागच्या आठवड्यात तिचं हिमोग्लोबिन ९.८ आलं. डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्यात, शिवाय मेसच्या जेवणावर भागवू नका म्हणालेत. तिला मेथीचा वाससुद्धा सहन होत नाही. रूमवर फ्रिज नाही. घरात सासूबाई आहेत (वय ८१, दात नाहीत) आणि पाचवीतला मुलगा. त्यांनाही त्यातलंच देता आलं तर बरं. माझ्या हातात रविवारचे दोन-अडीच तास असतात. मिक्सर आहे, ओव्हन नाही. सगळं महिन्याला १००० रुपयांच्या आत बसवायचंय. काय करू?

सुगरण_६१
डिंकाचे लाडू. एवढा विचार कशाला करायचा? पाव किलो खारकेची पूड, पाव किलो सुकं खोबरं किसून भाजून, १०० ग्रॅम डिंक, ५० ग्रॅम खसखस, पाव किलो बदाम, १०० ग्रॅम गोडंबी, अर्धा किलो गूळ आणि मावेल तसं साजूक तूप. वर अर्धं जायफळ. माझ्या तिन्ही मुलांना दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत रोज सकाळी एक लाडू असायचा. सर्दी-खोकला म्हणून दवाखाना चढले नाहीत.

शिरवळकरीण
ताई, आमच्या वाण्याच्या भावाने बदाम-गोडंबी धरून हे तेराशेच्या वर जातंय.

सुगरण_६१
पोरीच्या तब्येतीपुढे तीनशे रुपये काय बघता? एकदा कराच.

कळवा_लोकल
डिंकाच्या लाडवांना अनुमोदन, पण डिंक तळताना घाई करू नका. मी गेल्या वर्षी मोठ्या आचेवर मूठभर एकदम टाकला. वरून पांढरा फुलला, आत कच्चाच राहिला. मिस्टरांनी लाडू चावला आणि दाढेवरची कॅप त्या डिंकाला चिकटून बाहेर आली. दाताचे साडेतीन हजार गेले. तूप बेताचं तापवून चिमूट चिमूट टाकायचा, फुलला की लगेच झाऱ्याने काढायचा. गार झाल्यावर वाटीच्या बुडाने दाबला की भुगा झाला पाहिजे. मधे कुठे काचेसारखा खडा दिसला तर तो दाणा परत तुपात.

वाईचा_घाट
डिंक कोणता घेणार ते आधी ठरवा. धावड्याचा सगळ्यात चांगला. बाजारात डिंक म्हणून काहीही विकतात.

माणदेशी
आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या बाभळीचाच डिंक खातात. बाळंतिणींनाही तोच. धावड्याचाच चांगला हे कुणी ठरवलं?

वाईचा_घाट
मी बाभळीचा वाईट म्हटलं नाही. धावड्याचा जास्त फुलतो आणि कडवट लागत नाही, एवढंच म्हणणं आहे.

माणदेशी
बाभळीचाही कडवट लागत नाही. जुना असेल तर लागतो.

पिंपळे_सौदागर_आई
मी खारकेबद्दल सांगते. बिया काढून अख्ख्या खारका मिक्सरला लावू नका! माझं पातं वाकलं आणि भांड्याच्या बुडाला तडा गेला. मिक्सर वॉरंटीत होता, तरी दुकानदार म्हणाला हे वापरणाऱ्याच्या चुकीत धरतात. अजून वाद चालू आहे. अडकित्त्याने बारीक तुकडे करा, दोन दिवस कडक उन्हात ठेवा नाहीतर कढईत कोरडेच भाजा, पूर्ण गार करा आणि थोडे थोडे फिरवा. नाहीतर तयार पूड घ्या. मी आता दगडी घरघंटी घेतली, चौदा हजारांना. नाचणी, खारीक, भाजणी सगळं घरीच. तुम्हीही विचार करा, मुलं मोठी होईपर्यंत वसूल होते.

गोधन
तूप कुठलं वापरता यावर सगळं आहे. देशी गाईचं, दही विरजून, लोणी घुसळून काढलेलं. आम्ही २२०० रुपये किलोने आणतो. डेअरीचं तूप घालून पौष्टिक लाडू ही कल्पनाच मला पटत नाही.

शिरवळकरीण
दादा, मी सायीचं तूप घरीच कढवते. कमी पडलं तर डेअरीचं आणते. २२०० मला शक्य नाही.

नागपूरची_संत्री
साखर अजिबात नको, गूळच घाला. गूळ म्हणजे लोह. माझ्या वडिलांना शुगर आहे, ते गुळाचे लाडू रोज खातात.

घरचा_डबा
ताई, वडिलांचा गूळ आधी थांबवा. रक्तातली साखर गुळानेही वाढते. चव वेगळी म्हणून शरीर त्याला वेगळं मोजत नाही. डॉक्टरांना एकदा विचाराच.

धागाकर्तीसाठी: मी आहारतज्ज्ञ नाही, पण माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन ८ वर गेलं होतं आणि वर्षभर त्यातून गेलेय. आमच्या डॉक्टरांनी समजावलं ते सांगते. एक, गोळ्या चुकवायच्या नाहीत, लाडू गोळीची जागा घेत नाहीत. दोन, गोळी चहा किंवा दुधाबरोबर घ्यायची नाही, त्याने लोह अंगी कमी लागतं. माझी मुलगी तीन महिने सकाळच्या चहाबरोबर गोळी घेत होती आणि आकडा हलत नव्हता. लिंबूपाण्याबरोबर सुरू केल्यावर हलला. तीन, डाळी-भाज्या-तीळ यांतलं लोह लागू व्हायला क जीवनसत्त्व सोबत लागतं. पेरू, आवळा, लिंबू. होस्टेलवर पेरू सहज मिळतो. खाऊत हळीव घाला, मुठीएवढ्या दाण्यांत भरपूर लोह असतं.

शिरवळकरीण
चहाचं माहीतच नव्हतं. आत्ता फोन केला, तीही चहाबरोबरच घेत होती. खूप आभार.

दापोली_दक्षिण
हळिवाचे लाडू! नारळाच्या पाण्यात हळीव तीन तास भिजवा, ओलं खोबरं आणि गूळ घालून आटवा. यासारखा लाडू नाही.

वाईचा_घाट
त्याला अळीव म्हणतात.

दापोली_दक्षिण
आम्ही हळीवच म्हणतो. माझी आजी अहळीव म्हणायची.

घरचा_डबा
ओल्या खोबऱ्याचे फ्रिजशिवाय तीन-चार दिवसांवर टिकणार नाहीत, महिनाभराच्या डब्यात नका देऊ. हळीव कोरडेच मंद भाजून सुक्या कशातही घालता येतात. पाणी लागलं की बुळबुळीत होतात, म्हणून चमचा-हात कोरडे हवेत. आणि घरात कुणी गरोदर असेल तर तिला देऊ नका.

कळवा_लोकल
डिंक तळताना आच मंद ठेवा, हे परत सांगते. खूप जण इथेच चुकतात.

चौथा_मजला
मी स्वतः सांगलीत चार वर्षं होस्टेलला काढलीत म्हणून लिहितो. आईने पाठवलेले चाळीस लाडू पहिल्या रात्री अकरा वाजता उघडले आणि साडेअकराला डबा रिकामा. माझ्या वाट्याला दोन. आईला मी कधीच सांगितलं नाही, ती दर महिन्याला विचारायची की लाडवांनी बरं वाटतं ना. दोन डबे द्या, काकू. मोठा चिवड्याचा, सगळ्यांसाठी. लहान कपाटातला, तिच्या एकटीचा. आणि लाडू नकोत, वड्या द्या. वडी कागदात गुंडाळून बॅगेत टाकता येते, लेक्चरच्या मधे खाता येते. लाडवाचा बॅगेत चुरा होतो.

सोलापुरी_चादर
शेंगदाण्याची चटणी-भाकरी खाऊन आम्ही मोठे झालो. दाणे-गूळ कुटून लाडू करा, दोनशे रुपयांत काम. दाणे मात्र निवडून घ्या, काळपट, बुरशी आलेले, खवट दाणे मुलांच्या पोटात जाऊ देऊ नका.

मी_माहीमची
मेथीचे लाडू करा. मेथी दुधात भिजवली की कडूपणा जातो.

शिरवळकरीण
ताई, मेथी ती खाणार नाही, वर लिहिलंय.

मी_माहीमची
सवय लावली की खातात मुली.

आजोळ
कोरडं होऊ द्या आणि मग भरा, एवढं माझं सांगणं. मागच्या श्रावणात मी नाचणीचे लाडू कोमट असताना स्टीलच्या डब्यात भरले, नातवाची बस होती म्हणून. झाकणाला आतून वाफेचे थेंब धरले. आठव्या दिवशी त्याने फोटो पाठवला, खालच्या थरावर हिरवट बुरशी. साठ लाडू टाकले. रात्रभर परातीत कपडा झाकून ठेवायचे, सकाळी भरायचे.

सुगरण_६१
मग डिंकाचे कधी करताय?

शिरवळकरीण
सगळ्यांचे मनापासून आभार. आज रविवारी करून टाकलं. डिंकाचे नाही केले, रागावू नका. आईची गूळपापडी आठवली. मी बारावीला असताना ती परीक्षेच्या दिवसांत करायची.

चार वाट्या कणीक, जरा जाडसर दळलेली. दोन वाट्या तूप. मंद आचेवर पंचवीस मिनिटं हलवत राहिले. आधी कणीक जड ओढते, मग एकदम हलकी होते, कडेने तूप सुटतं आणि बिस्किटासारखा वास सुटतो. तिथे गॅस बंद. दोन मिनिटं थांबून तीन वाट्या किसलेला गूळ. उकळत्या कणकेत गूळ गेला तर त्याचा पाक होतो आणि वड्या दगड होतात, आईचं हे वाक्य हात हलवताना कानात होतं. १०० ग्रॅम भाजलेले तीळ, ५० ग्रॅम कोरडे भाजलेले हळीव, किसलेलं सुकं खोबरं, सुंठ-वेलची. तूप लावलेल्या ताटात वाटीच्या बुडाने थापलं आणि गरम असतानाच कापलं. बावन्न वड्या झाल्या. थोडं डेअरीचं तूप आणावं लागलं, ते धरून साधारण सव्वाचारशे रुपये. उरलेल्यात भाजक्या पोह्यांचा चिवडा, तो मैत्रिणींचा डबा. दोन्ही डबे उद्या सकाळी भरणार.

सासूबाईंना एक वडी कोमट दुधात कुस्करून दिली. वाटी चाटून मागे सारली आणि विचारलं, आणखी आहे का?

सुगरण_६१
छान. पण कणकेत काय ताकद असणार? पुढच्या महिन्यात निदान पन्नास ग्रॅम डिंक घाला त्यात.

माणदेशी
घालाल तर बाभळीचा घाला.

पिंपळे_सौदागर_आई
दोन वाट्या तूप जास्त नाही होत का? मी दीड घेते.

शिरवळकरीण
माझी कणीक जाडसर आहे, दीडमध्ये वडी सुटी सुटी झाली असती. बारीक असेल तर दीड पुरेल. अर्धी वाटी बाजूला ठेवून लागेल तशी घाला.