जुना २२ इंची मॉनिटर दोन सेकंदांत काळा पडतो. दुरुस्त करू की नवीन घेऊ?

अक्षरजुळणी_रत्नागिरी

नमस्कार मंडळी,

मी घरून अक्षरजुळणी करते. वर्षभर पुस्तकं, स्मरणिका, पत्रिका असं चालू असतं आणि गणपती गेले की दिवाळी अंक. सध्या अंकाची पानं हातात आहेत, म्हणून जरा घाईत विचारतेय.

मॉनिटर २००९ सालचा आहे. २२ इंची, १६८० बाय १०५०, मागे केबल जोडायला व्हीजीए आणि डीव्हीआय. माझ्या लॅपटॉपला फक्त एचडीएमआय आहे, त्यामुळे मध्ये छोटा कन्व्हर्टर लावून व्हीजीए केबलने जोडते.

सकाळी बटण दाबलं की कंपनीचं चिन्ह येतं, मागोमाग माझं पान दिसतं आणि दोन सेकंदांत सगळा अंधार. बटणाजवळचा दिवा मात्र हिरवाच राहतो. बंद-चालू करत राहिलं की कधीतरी टिकतो, आणि एकदा तापला की दिवसभर काही तक्रार नाही. मध्येच लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. पावसाळ्यात हे फार वाढलं. आमच्याकडे श्रावणात कपाटातल्या कागदालाही ओल येते, तिथे यंत्राचं काय! आता तर खालच्या डाव्या कोपऱ्यात पांढरं पान गुलाबीसर दिसायला लागलंय.

इथल्या एका दुकानात नेला. न उघडताच ‘पॅनल गेलंय, टाकून द्या’ म्हणाले आणि २७ इंची फुल एचडी पुढे केला. अक्षरं मोठी दिसतील, डोळ्यांना आराम पडेल, असं त्यांचं म्हणणं.

पण मला अक्षर मोठं नको, स्वच्छ हवं. मोठं करायला झूम आहेच. तळटीप आठ पॉइंटात असते, तिथे ‘घ’ आणि ‘ध’, ‘म’ आणि ‘भ’ नजर टाकताच वेगळे दिसले पाहिजेत. वेलांटीवरचा अनुस्वार आहे की नाही हे डोळे बारीक करून बघावं लागलं तर दिवसाला निम्मीच पानं होतात. या मॉनिटरवर डेमी आकाराची समोरासमोरची दोन पानं खऱ्या मापात उभी राहतात आणि वर टूलबारला जागा उरते. ती सोय मला सोडायची नाही.

तर दुरुस्तीत अर्थ आहे का? आणि नवीन घ्यायचाच झाला तर माझ्यासारख्या कामाला कोणता?

---

सोल्डरगन_कोल्हापूर

ताई, पॅनल गेलेलं नाही. पॅनल गेलं असतं तर ती दोन सेकंदंही चित्र दिसलं नसतं.

पहिलं काम घरीच करा. पडदा काळा झाला की खोलीत अंधार करा, मोबाइलची बॅटरी (टॉर्च) काचेला अगदी टेकवून तिरकी धरा आणि निरखून बघा. तुमचं पान अंधुक, सावलीसारखं दिसलं तर चित्र येतंय, फक्त मागचा उजेड गेलाय.

तुमच्या मॉनिटरच्या काळात मागे एलईडी नसायचे, पेन्सिलीपेक्षा बारीक ट्यूब असायच्या, सीसीएफएल म्हणतात त्यांना. २२ इंचीत बहुधा चार, दोन वर आणि दोन खाली. त्या पेटवायला इन्व्हर्टर लागतो (घरचा बॅटरीवाला नव्हे, पॉवर बोर्डावरचाच एक भाग), आणि तो हजार व्होल्टच्या आसपास दाब तयार करतो. त्याची आयसी (नियंत्रण करणारी चिप) ट्यूब पेटवून एक-दोन सेकंद वाट बघते आणि मग प्रत्येकीतून ठरलेला करंट जातोय का ते तपासते. एकीत जरी कमी भरला तरी सगळ्या बंद करते, आग लागू नये म्हणून. तुमचे दोन सेकंद ते हेच.

करंट कमी भरायला दोन कारणं. एक, पॉवर बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज थोडी साठवून दाब स्थिर ठेवणारे डबीसारखे भाग. ते आतून सुकतात, डोकं फुगतं. थंड असताना काम करत नाहीत, तापले की तात्पुरते सुधारतात. सकाळी रडणं आणि दुपारी ठीक असणं हे त्याचंच लक्षण. दुसरं कारण ट्यूब स्वतः म्हातारी होणं. ट्यूबचं टोक संपत आलं की उजेड गुलाबी होतो. तुमचा खालचा डावा कोपरा तेच सांगतोय. मला वाटतं तुमच्याकडे दोन्ही आहे.

कपॅसिटर बदलायला अजिबात मागेपुढे पाहू नका. १००० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट किंवा ६८० मायक्रोफॅरड २५ व्होल्ट असे असतील, दहा-वीस रुपयांना एक. मायक्रोफॅरड तेवढाच घ्यायचा, व्होल्ट तेवढा किंवा जास्त चालतो, आणि १०५ अंशाचा लो-ईएसआर (आतला विरोध कमी असलेला) मागायचा. साधा पंख्याच्या दुकानातला नको. फुगलेला एक दिसला तरी त्या रांगेतले सगळे बदलायला सांगा. पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड इथे नक्की मिळतात, पण टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कुठल्याही जुन्या कारागिराच्या डब्यात असतातच. आणि काम त्यालाच द्या. कॉम्प्युटरच्या दुकानात सहसा सोल्डरिंग करत नाहीत, अख्खा बोर्ड बदलतात.

कळकळीने सांगतो, स्वतः उघडू नका. त्या बोर्डावर एक मोठा कपॅसिटर असतो, ४५० व्होल्टचा. घरातली २३० व्होल्टची लाईट त्यात सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होऊन साठते आणि प्लग काढल्यावरही काही काळ तिथेच राहते. मीटरने शून्य बघितल्याशिवाय मीसुद्धा बोट लावत नाही.

ट्यूब मात्र बदलत बसू नका. त्यासाठी पॅनल पूर्ण सोडवावं लागतं, आतल्या पांढऱ्या पापुद्र्यांत धूळ शिरली की कायमचे डाग, आणि तेवढ्या मापाची ट्यूब मिळाली तरी तीच चारातली एक नवी, बाकी तीन जुन्या.

दिवाळी अंक हातावेगळे होईपर्यंत एक करा: विंडोजमध्ये स्क्रीन आपोआप बंद होण्याची वेळ वाढवून ठेवा. जेवायला उठलात तरी मॉनिटर झोपू देऊ नका. थंड होऊन पुन्हा पेटताना त्या ट्यूबला सगळ्यात जास्त त्रास होतो.

---

मुद्रितशोधन_पुणे

दुरुस्तीचं वरच्यांनी नीट सांगितलंय. मी नवीन मॉनिटरचं बोलतो, कारण माझंही पोट याच पडद्यावर आहे.

२७ इंची फुल एचडी घेऊ नका. तुमच्या आत्ताच्या मॉनिटरवर एका इंचात साधारण ९० ठिपके बसतात. २७ इंचात तेच १९२० बाय १०८० ताणले की उरतात ८२. म्हणजे १७ वर्षांपूर्वीच्या पडद्यापेक्षाही भरड. इंग्रजीला ते एक वेळ चालून जातं. आपल्या अक्षराला शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, सगळं त्याच ओळीत कोंबायचं असतं. ठिपके कमी पडले की आधी वरचाच मजला भरून जातो. ‘कीर्ती’तला रफार दुसऱ्या वेलांटीला चिकटतो आणि नजर पुढे सरकते.

दुसरं, उंची बघा. इंच कर्णाचे मोजतात, आणि तुमचा जुना १६:१० (रुंदी आणि उंचीचं प्रमाण) आहे, आताचे बहुतेक १६:९. तुमच्या पडद्याची उंची सुमारे २९.६ सेंटिमीटर. आजच्या साडेएकवीस इंचीची साधारण २६.८ भरते, म्हणजे हातातली जागा गेली. २४ इंची फुल एचडीची २९.९, म्हणजे जवळपास तुमचीच, ठिपके ९२. आणि २४ इंचीतच १९२० बाय १२०० मिळतो, तो १६:१०, उंची ३२.३ सेंटिमीटर. तुमच्या डेमीच्या जोडपानाला माझं मत यालाच. दुकानात ठेवलेला क्वचित दिसतो, मागवून घ्यावा लागतो, जरा महागही पडतो. पण पानांवर जगणाऱ्याने तो घ्यावा.

२७ इंच हवाच असेल तर २५६० बाय १४४०, तिथे १०९ ठिपके पडतात आणि तळटीप छापल्यासारखी दिसते. मात्र जुन्या लॅपटॉपच्या एचडीएमआयमधून ते पूर्ण ६० हर्ट्झला (सेकंदाला ६० चित्रं) निघेलच असं नाही, आधी तपासून घ्या.

पॅनल आयपीएस प्रकाराचंच मागा. टीएन प्रकाराच्या पॅनलवर मान हलली की राखाडीची छटा बदलते, फिक्या जाळीवर काळा मजकूर असलेलं पान नीट जोखता येत नाही. स्टँड वर-खाली होणारा असावा किंवा मागे दुसरा स्टँड बसवायला १०० बाय १०० मिलिमीटरची व्हेसा भोकं तरी असावीत. १४४ हर्ट्झ, वक्र पडदा वगैरेला आपल्या कामात काही अर्थ नाही.

आणि घरी आणल्याबरोबर आधी पांढरं कोरं पान पडदाभर उघडून मेलेला पिक्सल शोधा. पांढऱ्यावर तो काळा ठिपका असतो आणि नेमका शिरोरेषेच्या वर आला की थेट अनुस्वार वाटतो. पान थोडं सरकवलं की खरा अनुस्वार अक्षराबरोबर जातो, खोटा जागेवर राहतो. परत करण्याची मुदत संपायच्या आत हे करा. मग मॉनिटरचा उजेड अगदी कमी करून मोबाइलच्या स्लो-मोशन कॅमेऱ्यातून पडदा बघा. काळे पट्टे सरकताना दिसले तर तो लुकलुकतोय, रात्री काम करणाऱ्यांना त्याने डोकं चढतं. माझं तरी चढायचं.

---

सोल्डरगन_कोल्हापूर

एक राहिलं. ताई, तुमच्या मॉनिटरला डीव्हीआय आहे ना? मग तो कन्व्हर्टर आणि व्हीजीए केबल आजच काढा. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्याला डीव्हीआय अशी साधी केबल मिळते, मध्ये डबी लागत नाही. दोन्हीकडे डिजिटलच असतं. व्हीजीएत चित्राचं ॲनालॉग करून पुन्हा डिजिटल करावं लागतं, तिथेच अक्षराची कड पुसट होते. जोडल्यावर रिझोल्यूशन १६८० बाय १०५० आहे ना ते बघा. अंधार यानं जाणार नाही, अक्षर सुधारेल.

---

अक्षरजुळणी_रत्नागिरी

दोघांचेही मनापासून आभार.

बॅटरी धरून पाहिलं. अंकाचं संपादकीय अंधुक दिसत होतं, वाचताही येत होतं! आमच्या आळीतच एक काका पूर्वीपासून टीव्ही दुरुस्त करतात, त्यांच्याकडे दिला. बोर्डावरचे दोन कपॅसिटर वरून फुगले होते, एकाच्या बुडाशी तपकिरी चिकटा आला होता. त्यांनी रांगेतले सगळे बदलले. आता सकाळी पहिल्याच बटणाला लागतो. कोपऱ्यातला गुलाबी रंग तसाच आहे, तुम्ही म्हणालात त्याप्रमाणे ती ट्यूबच असणार, म्हणून तिच्या भरवशावर पुढचं वर्ष काढायचं नाही असं ठरवलंय. अंक छापायला गेले की २४ इंची १९२० बाय १२०० मागवते.

डीव्हीआय केबलचं तर किती सांगू. व्हीजीएवर उभ्या काठीच्या उजवीकडे एक फिकट सावली असायची आणि मला वाटायचं फॉन्टच तसा आहे. ती गेली. आठ पॉइंटातला ‘ष’ आतल्या तिरक्या रेघेसकट दिसतो. ज्यांच्या मॉनिटरला मागे डीव्हीआय आहे त्यांनी आधी एवढं करा, बाकीचं नंतर बघा.

नवीन आल्यावर जुन्याचं काय करावं? भंगारवाला नेईल, पण सोल्डरगन दादा ट्यूबविषयी बोलले तेव्हापासून मनात शंका आहे.

---

हर्णैकर

भंगारात देऊ नका. त्या ट्यूबमध्ये पारा असतो, थोडाच, पण असतो. भंगारात मॉनिटर हातोड्याने फोडतात आणि तांब्यासाठी वायर जाळतात, बऱ्याचदा शेजारी मुलं खेळत असतात. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यानुसार असा माल नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडेच जायला हवा आणि त्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. तेव्हा नवीन मागवतानाच जुना परत घेतात का ते विचारा. नाही म्हणाले तर नगरपरिषदेत ई-कचरा संकलनाची चौकशी करा.

तोवर घरात ठेवलात तर उभा ठेवा, काचेवर काही रचू नका. चुकून आपटून आतली ट्यूब फुटलीच तर खिडक्या उघडून थोडा वेळ खोलीबाहेर जा. झाडू मारू नका, व्हॅक्यूमही नको, पारा हवेत उडतो. हातमोजे घालून तुकडे जाड कागदाने उचला, बारीक चुरा चिकटपट्टीने टिपा आणि सगळं झाकणाच्या बरणीत घालून त्याच मॉनिटरबरोबर द्या.