डेबियन लिनक्स टाकलं, महिनाभर चाललं, लाईट गेल्यावर इमर्जन्सी मोड. उबुंटू टाकू का?

बाठा_देवगड
नमस्कार मंडळी. घरी एक जुना लॅपटॉप पडून होता, ८ जीबी रॅम, १२८ जीबीचा एसएसडी, स्क्रीनवर उभी रेघ आलेली म्हणून कोणी हात लावत नव्हतं. म्हटलं याचाच सर्व्हर करू, बागेचे हिशोब, पेट्यांची बिलं, घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलमधले फोटो, सगळं एका जागी. पेनड्राईव्हवर डेबियन १३ घेतलं, लॅन केबल लावून इन्स्टॉल केलं, डेस्कटॉपची टिक काढली, एसएसएचची (दुसऱ्या मशीनवरून लॉगिन करायची सोय) ठेवली, अर्ध्या तासात झालंसुद्धा. फोटोंसाठी ४ टीबीची मोठी डिस्क यूएसबीने जोडलीय, तिला वेगळा अडॅप्टर आहे. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची ते लिहिलेल्या फाईलमध्ये, व्हिडिओ बघून तिच्यासाठी एक ओळ टाकली.

परवा संध्याकाळी गडगडायला लागलं आणि लाईट गेली ती सकाळीच आली. लॅपटॉपची बॅटरी दोनेक तासांत संपली असणार. सकाळी बटण दाबलं तर काळ्या पडद्यावर 'अ स्टार्ट जॉब इज रनिंग' आणि पुढे सेकंद मोजत बसलंय, दीड मिनिट झालं आणि 'यू आर इन इमर्जन्सी मोड', खाली रूटचा (मुख्य यूजरचा) पासवर्ड मागतोय. टाकला तर आत जातं पण पुढे काय करायचं कळत नाही. आणि सुडो (साध्या यूजरने रूटच्या हक्काने कमांड चालवायची सोय) तर पहिल्या दिवसापासून चालत नाही, कमांड नॉट फाउंड म्हणतं. मित्र म्हणतो सगळं पुसून उबुंटू हे दुसरं लिनक्स टाक. टाकू का?

गुहागरकर_७४
अजिबात पुसू नकोस. उबुंटू टाकलंस आणि तीच ओळ एफएसटॅबमध्ये लिहिलीस तर तिथेही हेच होणार. एफएसटॅबमध्ये लिहिलेली डिस्क बूट होताना सापडली नाही की सिस्टिमडी (बूट होताना सगळं सुरू करणारा प्रोग्राम) ९० सेकंद वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये टाकतं, ती डिस्क नुसत्या फोटोंची का असेना. आत जाऊन नॅनो एडिटरने एफएसटॅब उघड, डीफॉल्ट्सच्या पुढे स्वल्पविराम देऊन नोफेल (डिस्क नसली तरी अडू नको) लिही, जागा सोडू नको. ओळीत एसडीबी१ वगैरे नाव असेल तर ते काढून बीएलकेआयडी कमांडने मिळणारा यूयूआयडी (डिस्कची स्वतःची खूण) घाल, कारण पेनड्राईव्ह लावलेला असला की ही नावं इकडची तिकडे होतात. आणि आधी सांग, ती मोठी डिस्क त्या वेळी चालू तरी होती का?

तवसाळ_फेरी
सुडोचं कारण सोपं आहे. डेबियन इन्स्टॉल करताना रूटचा पासवर्ड विचारतं तिथे तू काहीतरी टाकलंस. तो रिकामा सोडला असतास तर सुडो आपोआप आलं असतं आणि तुझा यूजर त्या ग्रुपमध्ये गेला असता. मी नेहमी रिकामाच सोडतो. वीस मिनिटांचं काम आहे, परत टाक की.

गुहागरकर_७४
अरे थांब, कशाला परत? रूटचा पासवर्ड होता म्हणूनच तो आत तरी गेला. रिकामा सोडला की रूटचं खातं लॉक असतं, मग इमर्जन्सी मोडमध्ये 'रूट अकाउंट इज लॉक्ड' एवढंच येतं आणि एंटर मारत बसायचं. मला हे पावसाळ्यात रात्री अकराला कळलं, शेवटी पेनड्राईव्हवरून रेस्क्यू मोडने शिरलो.

बाठा, पासवर्ड आहे तसा ठेव. रूट व्हायला एसयू, एक जागा, मग डॅश. डॅश विसरलास तर पुढे अ‍ॅडयूजर कमांडच सापडत नाही. मग एपीटीने सुडो इन्स्टॉल कर, अ‍ॅडयूजर, पुढे तुझं नाव, पुढे सुडो. लॉगआउट होऊन परत ये, झालं.

बाठा_देवगड
दादा, सापडलं!! डिस्कचा अडॅप्टर आईने काढून ठेवला होता, वीज पडेल म्हणून, टीव्हीच्या पिनबरोबर. सकाळी टीव्ही परत लावला, हा राहिला. नोफेल टाकलं, अडॅप्टर न लावताच रीबूट करून बघितलं, सरळ लॉगिन आलं. सुडोपण झालं.

वायंगणी
आई बरोबर करते, उलट लॅनची केबलपण काढायला सांग तिला, वीज त्या वाटेनेही येते, माझा राऊटरचा पोर्ट तसाच गेला.

पण नोफेलमध्ये एक मेख आहे, ती कोणी सांगत नाही. डिस्क नसतानाही सर्व्हर आता छान चालू होणार, आणि मोबाईल फोटो पाठवणार डिस्क जिथे जोडली जाते त्या फोल्डरात, जो या वेळी रिकामा आणि तुझ्या १२८ जीबीच्या एसएसडीवरचा आहे. माझा एसएसडी असाच शंभर टक्के भरला. नंतर डिस्क माउंट झाली, म्हणजे त्या फोल्डरावर जोडली गेली, की ते फोटो तिच्याखाली झाकले जातात, दिसत नाहीत पण जागा खातात, दोन दिवस शोधत होतो. उपाय असा, डिस्क अनमाउंट कर, रिकाम्या फोल्डरावर सीएचअ‍ॅटर अधिक आय (फोल्डरला कुलूप लावणारी कमांड) चालव रूटने. मग तिथे कोणालाच लिहिता येत नाही, डिस्क माउंट झाल्यावर मात्र सगळं नेहमीसारखं. फोटो जाईनात तर मोबाईल बोंबलेल, ते परवडलं.

मालवणचो_झिलगो
आणि बॅटरीचा काय? डेस्कटॉप नाय म्हणजे बॅटरी संपत इली तरी कोण बंद करणारा नाय, मशीन आपोआप मरता, एक्सटी४चा जर्नल (डिस्कवरच्या बदलांची नोंद) असा म्हणून वाचता इतक्याच. बॅटरीची टक्केवारी सिस फोल्डरातल्या पॉवर सप्लायखाली मिळता, दर पाच मिनटांनी क्रॉनान (ठरल्या वेळेक कमांड चालवणारो प्रोग्राम) बघायची, पंधराच्या खाली गेली आणि चार्जर नसलो की शटडाउन. बायोसात चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवची सोय असली तर लाव, नायतर चोवीस तास भरलेली ऱ्हवान ती फुगता. माझ्या लॅपटॉपाचो टचपॅड वर इलो तेव्हा कळला. लॅपटॉप समुद्राकडच्या खिडकीत ठेवू नको, खाऱ्या वाऱ्यान यूएसबीच्या पोर्टाक गंज धरता.

बाठा_देवगड
सीएचअ‍ॅटर केलं, अडॅप्टर काढून फोटो टाकून बघितला, ऑपरेशन नॉट परमिटेड. क्रॉनचं उद्या करतो. बॅटरी काढून टेबलावर ठेवली तर डगडगतेय, म्हणजे फुगायला लागलीच आहे बहुतेक. नवीन येईपर्यंत सर्व्हर बंद. अडॅप्टरला आईने स्वतःच चिठ्ठी लावलीय, 'फोटोचा, परत लावणे'.