मदत हवी आहे: इशारा सगळे वाचतात, माघारी कुणीच फिरत नाही. मजकूर कसा लिहावा?

मंडळी, आमच्या नौकाविहार गटात हवामानावर लक्ष ठेवायचं काम वर्षभर माझ्याकडे आहे. सकाळी अंदाज वाचायचा, दिवसभर अधूनमधून रडार बघायचं आणि काही येतंय असं वाटलं की पाण्यावरच्या सगळ्यांना संदेश धाडायचा. हौसेचा मामला, शिक्षण वेगळ्याच विषयातलं.

गेल्या महिन्यात मोठ्या जलाशयावर अकरा होड्या बाहेर होत्या. सकाळचा अंदाज होता वारा १२ ते १५ नॉट (ताशी साधारण २२ ते २८ किलोमीटर), दुपारनंतर तुरळक गडगडाट. दीडच्या सुमारास रडारवर पश्चिमेला एक ढग फुगताना दिसला. मी लगेच लिहिलं, "हवामान बिघडण्याची शक्यता आहे. सर्वांनी योग्य ती काळजी घ्यावी." सात जणांनी होकाराची अंगठ्याची खूण पाठवली. अर्ध्या तासाने वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि दोन छोट्या होड्या उलटल्या. एकाचा खांदा निखळला, बाकी सगळे धडधाकट. उलटलेल्यांपैकी एकाला नंतर विचारलं, संदेश वाचला नव्हतास का? म्हणाला, "वाचला की. काळजी घेतच होतो."

यावर काय बोलणार?

तर जाणकारांना विचारायचंय: १) इशारा नेमका कधी द्यावा? २) त्यात काय लिहावं? ३) दर वेळी बोलावून घेतलं आणि काहीच झालं नाही, तर पुढच्या वेळी लोक ऐकतील का? तिसऱ्याची मला जास्त धास्ती आहे.

शीडउतरव:
पहिल्याचं उत्तर ढगाकडे बघून मिळणार नाही, होड्यांकडे बघून मिळेल. समजा ढग २० किलोमीटरवर आहे आणि ताशी ४० किलोमीटरने येतोय. म्हणजे हातात अर्धा तास. तुमची सगळ्यात हळू होडी ४ नॉटने चालते असं धरू, म्हणजे ताशी साधारण साडेसात किलोमीटर. अर्ध्या तासात ती पावणेचार किलोमीटर कापेल. धक्क्यापासून पाच किलोमीटरवर असेल तर तुमचा संदेश निघाला तेव्हाच तिचा उशीर झालेला होता. त्यात फोन पिशवीतून काढून वाचायला लागणारी मिनिटं धरा, आणि वारा समोरून असेल तर आणखी.

शिवाय पाऊस दिसेपर्यंत थांबायचं नसतं. ढगातून कोसळणारी थंड हवा पाण्यावर आदळून पसरते आणि पावसाच्या बऱ्याच आधी पोचते. त्याआधी बऱ्याचदा वारा एकदम पडतो, शीड लुळं पडतं आणि लोकांना वाटतं टळलं. मग अचानक गार हवा अंगावर येते. तेव्हा शीड आखडायलाही वेळ नसतो.

१५ नॉटच्या अंदाजाबद्दलही थोडं. तो सरासरी वारा असतो. ऑस्ट्रेलियाच्या हवामान खात्याच्या सागरी अंदाजांत स्पष्ट सांगितलेलं असतं की झोत सरासरीच्या ४० टक्के वर जाऊ शकतात आणि सर्वात मोठी लाट सांगितलेल्या उंचीच्या दुप्पट असू शकते. गडगडाटी ढगाखाली तर हा हिशोबही तोकडा पडतो. आणि वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो: १५ चे ३० नॉट झाले की शिडावरचा जोर चौपट. "थोडा जास्त वारा" असं काही नसतं हो.

अंदाजपंचे:
वरच्याला +१. मी मजकुराबद्दल लिहितो.

"योग्य ती काळजी" म्हणजे काय हे प्रत्येकजण आपापल्या सोयीने ठरवतो. लाइफजॅकेट बाकाखाली आहे हीसुद्धा काळजीच. तुम्हाला हवी होती एक कृती: वळा. मग तेच क्रियापद पहिल्या वाक्यात यायला हवं. काय येतंय, कुठून, किती वाजता, कोणी काय करायचं, आणि पुढची सूचना कधी. जागतिक हवामान संघटना २०१५ पासून राष्ट्रीय हवामान खात्यांना हेच सांगतेय की हवामान कसं असेल एवढ्यावर थांबू नका, त्याने काय होईल ते सांगा. "४० नॉट" वाचून नवख्याच्या डोळ्यासमोर काहीच येत नाही. "छोट्या होड्या उलटतील" वाचलं की येतं.

स्वतःचा अंदाज मात्र स्वतः बनवू नका. अधिकृत खात्याचा इशारा त्याच्या वेळेसकट द्या आणि खाली तुमच्या पाण्यापुरती सूचना जोडा. रडारवर स्वतः काही पाहिलं असेल तर "रडारवर दिसतंय" असंच लिहा. दोन ठिकाणांहून दोन आकडे आले की लोक त्यातला सोयीचा उचलतात.

आणि केवळ फोनवर विसंबू नका. दोन्ही हात दोरीत गुंतलेला माणूस फोन कधी बघणार? भोंगा, धक्क्यावरचा झेंडा, जिथे रेडिओ आहे तिथे रेडिओ. समुद्रावर १६ नंबरच्या चॅनेलवर "सेक्युरिते" तीनदा म्हणून हवामानाच्या इशाऱ्याची घोषणा होते. "मेडे" ही हाक जीव धोक्यात असताना, हे त्याच्या बऱ्याच आधी.

धागाकर्ता:
दोघांचेही आभार. पाच किलोमीटरचा हिशोब वाचून पोटात गोळा आला, कारण उलटलेली एक होडी साधारण तेवढ्याच अंतरावर होती. पण तिसरा प्रश्न राहिलाच. महिन्यात चारदा लोकांना बाहेर काढलं आणि तीनदा लख्ख ऊन पडलं, तर?

जुना_वल्हेकरी:
हा प्रश्न इशाऱ्यांइतकाच जुना आहे. १८५९ मध्ये रॉयल चार्टर हे जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळात फुटलं, साडेचारशेच्या आसपास माणसं गेली. त्यानंतर १८६१ मध्ये ब्रिटनच्या हवामान खात्याचे प्रमुख फिट्झरॉय यांनी तिथल्या बंदरांवर तारेने वादळाचे इशारे धाडायला सुरुवात केली. तार पोचली की जहाजांना दिसावी अशी खूण म्हणून खांबावर शंकू आणि पिंप चढवायचे. इशारे चुकायचे, टीका भरपूर व्हायची. फिट्झरॉय वारल्यावर एका समितीने शास्त्रीय आधार पुरेसा नाही म्हणत १८६६ मध्ये ते बंद करायला लावले. आणि बंदरांवरूनच मागणी आली की आमचे इशारे परत द्या! १८६७ मध्ये ते पुन्हा सुरू झाले. चुकणारा इशाराही लोकांना हवा होता.

पण एक करा. ज्या दिवशी काही आलं नाही, त्या संध्याकाळी दोन ओळी लिहा: ढग कुठे गेला, किती किलोमीटरवरून निसटला. गप्प बसलात तर लोक "उगाच घाबरवलं" हीच गोष्ट एकमेकांना सांगतील.

विजेचं कुणीच लिहिलं नाही म्हणून: चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंद किंवा कमी म्हणजे वीज १० किलोमीटरच्या आत. तेव्हा पाण्यावर असायचंच नाही. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं. पाण्याच्या सपाटीवर सगळ्यात उंच तुमची डोलकाठीच असते.

धागाकर्ता:
त्या दिवशीचाच प्रसंग धरून मसुदा केलाय. झोडपा.

"आत्ता परत फिरा. वेळ १:३०. हवामान खात्याचा १:१५ चा इशारा: गडगडाटी वादळ, झोत ४० नॉटपर्यंत. रडारवर ढग पश्चिमेला दिसतोय, आपल्याकडे २ वाजता पोचेल. छोट्या होड्या उलटतील. १:५० पर्यंत धक्का गाठता येत नसेल तर धक्क्याकडे येऊ नका, जवळच्या किनाऱ्याला लागा. लाइफजॅकेट घालूनच वळा. किनाऱ्याला लागल्यावर लवकरात लवकर कळवा. पुढची सूचना १:४५ ला."

शीडउतरव:
जवळच्या किनाऱ्याचं लिहिलंत ते उत्तम. धक्क्याच्या हट्टापायीच लोक मधल्या उघड्या पाण्यात सापडतात. पण अकरा होड्यांची यादी हातात ठेवून एकेक नाव खोडणारा माणूस नेमा. तुम्ही रडार बघत असाल, ते काम तुमच्याच्याने होणार नाही.

अंदाजपंचे:
"लवकरात लवकर" काढा. तेही "योग्य ती काळजी"चंच भावंड आहे. वेळ घाला.

धागाकर्ता:
काढलं. "२:१० पर्यंत कळवा, नाहीतर शोधायला निघू" असं केलंय.