सरकीचे १० दाणे पाहिले, अकराव्याचं काय?

तापीकाठ:
एका पिशवीतल्या सरकीचे १० दाणे ओल्या गोणपाटात ठेवले, ८ उगवले. अकराव्याची संभाव्यता ०.८ धरायची का? आणि दाणे एकमेकांपासून स्वतंत्र असतील, तर पहिल्या दहांवरून अकराव्याबद्दल काही कळायलाच नको ना?

शून्यएक:
शंका रास्त आहे. उगवणशक्ती नेमकी ठाऊक असती, तर दाणे स्वतंत्र धरता आले असते आणि दहा दाणे पाहून अंदाज तसूभरही हलला नसता. ती ठाऊक नाही, म्हणून ते फक्त एक्सचेंजेबल: दाण्यांचा क्रम कसाही बदला, संभाव्यता तीच. ८ उगवले एवढंच कामाचं, कितवे ते नाही. इटालियन गणिती दे फिनेट्टीचं प्रमेय सांगतं, की अशी माळ अनंत असेल तर जणू आधी उगवणशक्तीची चिठ्ठी निघते, मग तिच्यानुसार दाणे स्वतंत्रपणे उगवतात. प्रत्येक दाणा चिठ्ठीवरचा आकडा थोडा उघड करतो.
सगळे आकडे सारखेच शक्य मानले, तर लाप्लासच्या नियमाने (उगवलेल्यांत १ आणि एकूणात २ मिळवून भागायचं) (८+१)/(१०+२) = ०.७५. पुढचे दोन्ही उगवण्याची ९/१२ × १०/१३ = ०.५७७. इथे ०.७५ चा वर्ग, म्हणजे ०.५६२५, लिहिला की चुकलं.

कपाशी_गणित:
दोन दाण्यांत फरक किरकोळ, शंभरात मात्र घात होतो. सरासरी दोन्हीकडे ७५. पण ०.७५ पक्की धरून द्विपद वितरण लावलं तर प्रमाण विचलन (सरासरीभोवतीचा पसारा) ४.३, उगवणशक्तीची अनिश्चितताही धरणाऱ्या बीटा-द्विपदाने √(१८.७५ × ११२/१३), म्हणजे १२.७. नांग्या भरायला बियाणं किती राखायचं, ते या दुसऱ्या आकड्यावरून ठरवा.

तापीकाठ:
आणि १२ केळ्यांच्या फणीत नेमकी ३ कच्ची आहेत हे माहीत असेल, आणि डोळे मिटून एकेक काढलं तर?

शून्यएक:
तेही एक्सचेंजेबल, पण उलट्या चालीचं. एक कच्चं निघालं की पुढचं कच्चं निघण्याची शक्यता ३/१२ वरून २/११ वर उतरते, सहसंबंध −१/११. अनंत माळेत तो ऋण असूच शकत नाही, त्यामुळे इथे चिठ्ठीची भाषा आणि लाप्लास दोन्ही बाद.

कपाशी_गणित:
भाऊ, दाणे पिशवीच्या तोंडाचेच घेतले का? तळाला ओल असेल तर अदलाबदल (एक्सचेंजेबल असणं) मोडली. पिशवी उपडी करून कालवा, मग मोजा. दोन लॉट असतील तर चाचण्याही दोन. अदलाबदल लॉटच्या आतच चालते.