डीप पर्पल : ब्लॅकमोरनंतरचं काहीही न ऐकणाऱ्या दादाला सुरुवात कुठून करून देऊ? (मदत हवी आहे)

गोदाकाठचा, नाशिक

मंडळी, जरा डोकं लावा. मोठा भाऊ या महिनाअखेरीस नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर होतोय. त्यानंतर लगेच आम्ही दोघंच गाडीने पुण्याला जाणार आहोत. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत चांगले पाच तास हातात आहेत आणि गाडीत पेन ड्राइव्ह चालतो. तेवढ्या वेळात मला दादाला डीप पर्पल या इंग्लिश रॉक बँडचे, गिटारवाला ब्लॅकमोर सोडून गेल्यानंतरचे अल्बम ऐकवायचेत. वैतागून तो जाऊन जाऊन जाणार कुठे?

अडचण अशी की दादाच्या लेखी डीप पर्पल म्हणजे फक्त मार्क टू, बँडचा दुसरा संच. गायक गिलन, गिटारवर ब्लॅकमोर, ऑर्गनवर लॉर्ड, बासवर ग्लोव्हर, ड्रमवर पेस. यातला एक जरी हलला तरी दुकान बंद. १९७६ मध्ये बँड मोडला, १९८४ मध्ये हेच पाच जण पुन्हा जमले आणि 'परफेक्ट स्ट्रेंजर्स' आला. दादाची मजल तिथपर्यंत. १९९३ मध्ये ब्लॅकमोर दौरा अर्ध्यावर टाकून चालता झाला, आणि दादाही त्याच्यासोबतच चालता झाला. पुढच्या दौऱ्याची वेळ गिटारवादक जो सॅट्रियानीने निभावून नेली, मग १९९४ मध्ये स्टीव्ह मोर्स आला, हे सगळं दादाच्या मते 'बदली कामगार'.

माझं मत बरोबर उलट आहे. ते सांगतो, म्हणजे मला कशा प्रकारची गाणी हवीत ते कळेल.

'परफेक्ट स्ट्रेंजर्स' भारीच आहे, वाद नाही. त्यातलं शीर्षकगीत तर दादाचं सगळ्यात लाडकं. लॉर्डचा ऑर्गन घरघरत सुरू होतो, मग सगळे एकदम कोसळतात आणि पुढे ती जड, हलत्या डुलत्या हत्तीसारखी चाल शेवटपर्यंत सुटत नाही. पण गंमत अशी की या गाण्यात गिटारचा सोलोच नाही! ब्लॅकमोरभक्त माणूस उभा जन्म ज्या गाण्यावर ओवाळून टाकतो, त्यात ब्लॅकमोरचा सोलो नाही. हे मी त्याला अजून बोललेलो नाही, चंदनापुरी घाटासाठी राखून ठेवलंय.

त्यानंतरचा 'हाउस ऑफ ब्लू लाइट' (१९८७) मला तरी एकमेकांना कंटाळलेल्या माणसांचा अल्बम वाटतो. 'स्लेव्ह्ज अँड मास्टर्स' (१९९०) मध्ये गिलनच नाही, ब्लॅकमोरच्या दुसऱ्या बँडचा, रेनबोचा गायक जो लिन टर्नर आहे. मग त्याला रेनबोच म्हणा ना. १९९३ च्या 'द बॅटल रेजेस ऑन'मध्ये गिलन परत आला, पण नावाप्रमाणेच भांडणं चालू. 'अन्या' हे एक गाणं मात्र त्यातून सोन्यासारखं हाती लागतं.

म्हणून माझ्या मते खरं पुनरागमन १९८४ चं नाहीच, ते १९९६ चं. 'पर्पेन्डिक्युलर'. पहिल्याच गाण्यात, म्हणजे 'टेड द मेकॅनिक'मध्ये, मोर्स गिटारमधून चिमटे काढल्यासारखे सूर काढतो आणि गिलन गायच्या ऐवजी चक्क गप्पा हाणतो. 'चाइल्ड इन टाइम' या जुन्या गाण्यातली किंकाळी आता निघणार नाही हे ओळखून त्याने गाण्याची रीतच बदलली. 'समटाइम्स आय फील लाइक स्क्रीमिंग' हे साडेसात मिनिटांचं गाणं हळुवार सुरू होतं. नाव किंचाळण्याचं, पण गिलन किंचाळत नाही आणि सगळी आर्तता मोर्सच्या गिटारवर सोपवतो. हे ऐकून ज्याला काही झालं नाही त्याने रॉक सोडून भक्तिगीतं लावावीत. (भक्तिगीतांबद्दल आदर आहे, उगाच धागा भरकटवू नका.)

आणखी एक. कल्पना चावला 'कोलंबिया'तून जाताना ज्या सीडी सोबत घेऊन गेल्या, त्यात १९७२ च्या 'मशीन हेड'बरोबर 'पर्पेन्डिक्युलर'ही होती. त्या अपघातानंतर मोर्सने 'कॉन्टॅक्ट लॉस्ट' ही छोटी वाद्यरचना केली, ती २००३ च्या 'बनानाज'च्या शेवटी आहे. दादाला हे सांगणार आहे, पण भावनिक दडपण आणून ऐकायला लावलं असं नको वाटायला.

तर मदत हवी ती अशी :
सुरुवात कुठल्या गाण्याने करू? थेट १९९६ ला उडी मारू की १९८४ पासून सरकत येऊ? आणि निरोपाची भेट म्हणून 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'ची एलपी द्यावी की २०१३ च्या 'नाऊ व्हॉट'ची? रेकॉर्ड प्लेअर घरी आहे, दुरुस्त करून घेतलाय. दादा स्वतः पेटी वाजवतो, नाट्यसंगीताचा भोक्ता, एवढी माहिती पुरे असावी.

निफाडकर

आधी रुमाल टाकून ठेवतो, सविस्तर नंतर.

निफाडकर

आलो. १९९५ मध्ये पर्पल मुंबईत वाजवून गेले तेव्हा आम्ही पंचवटी एक्सप्रेसने गेलो होतो. 'पर्पेन्डिक्युलर' तेव्हा यायचा होता, मोर्स हा प्राणी कोण ते आमच्यातल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं. त्या अनुभवावरून एकच सल्ला : मोर्सने वाजवलेलं 'स्मोक ऑन द वॉटर' चुकूनही लावू नका. दादा लगेच तराजू काढतील. जे ब्लॅकमोरने कधी वाजवलंच नाही, तेच लावा.

काळी चकती

एलपीबद्दल. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'च्या मूळ एलपीवर 'नॉट रिस्पॉन्सिबल' हे गाणं नाही, ते कॅसेट आणि सीडीवर होतं. दादांनी तो अल्बम कॅसेटवर ऐकलेला असेल तर एलपी संपल्यावर "एक गाणं खाल्लं कोणी?" असं विचारतील. जुनी प्रत घेणार असाल तर सुईखाली वाजवून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आपल्याकडच्या पावसाळ्यात खोक्यात पडून राहिलेल्या चकत्यांवर बुरशीचे पांढरे ठिपके असतात, फोटोत ते दिसत नाहीत.

मार्क_टू_जिंदाबाद

दादांचं बरोबर आहे. त्यांना छळू नका.

मोर्स बोटांनी जास्त हुशार आहे, मान्य. पण तो सगळंच वाजवतो. ब्लॅकमोरला कधी गप्प बसायचं ते कळत होतं. 'परफेक्ट स्ट्रेंजर्स'मध्ये सोलो नाही हा तुम्ही ब्लॅकमोरच्या विरोधातला पुरावा म्हणून ठेवलाय, तो खरं तर त्याच्या बाजूचा आहे. गाण्याला सोलो नको होता, म्हणून त्याने वाजवला नाही. घाटात हेच उत्तर मिळणार तुम्हाला.

पायपेटी

धागाकर्ते, उत्तर तुमच्याच शेवटच्या ओळीत आहे. दादा पेटीवाले ना? मग गिटारच्या दारातून जाताच कशाला, ऑर्गनच्या दारातून न्या. नाट्यसंगीतात ऑर्गन ऐकत मोठा झालेला माणूस जॉन लॉर्डला लगेच ओळखतो. लॉर्ड हॅमंड ऑर्गन मार्शलच्या अँपमधून काढायचा, म्हणून तो गिटारच्या अंगावर धावून जातो.

लॉर्ड २००२ मध्ये बाहेर पडला, १६ जुलै २०१२ ला वारला. त्याच्या जागी आलेला डॉन एअरी हा ब्लॅकमोरच्याच रेनबोमधला. म्हणजे दादांना 'बदली कामगार' म्हणायची सोयच नाही, साहेबांनीच पारखून घेतलेला माणूस आहे! 'नाऊ व्हॉट' लॉर्डला अर्पण केलेला आहे, निर्माता बॉब एझरिन. त्यातलं 'अनकॉमन मॅन' लॉर्डच्या आठवणीचं. ते आधी लावा, काही बोलू नका. मग 'विन्सेंट प्राइस', त्यात एअरीचा ऑर्गन भुताच्या सिनेमासारखा दणाणतो. आणि मग १९९६ ला मागे या.

निफाडकर

पायपेटी यांना +१. मागे जाण्याची कल्पना आवडली.

गोदाकाठचा, नाशिक

सगळ्यांचे आभार. मार्क_टू, तुमचा मुद्दा दादाच्या हाती लागण्याआधी मीच वापरून टाकणार. मोर्स सगळंच वाजवतो हे मात्र 'समटाइम्स'ला लागू पडत नाही, एकदा कान देऊन ऐका.

यादी अशी ठरवतोय : निघताना 'परफेक्ट स्ट्रेंजर्स', म्हणजे दादा खुशीत. सिन्नर सुटलं की 'अनकॉमन मॅन' आणि 'विन्सेंट प्राइस'. संगमनेरला चहा, तिथे एअरी-रेनबोची कुंडली मांडणार. घाटात 'समटाइम्स', त्यानंतर 'टेड द मेकॅनिक'. २०२४ चा अल्बम या खेपेला नाही. त्यात मोर्सच्याही जागी सायमन मॅकब्राइड आहे, एका दिवसात दोन बदल्या दादाला झेपायच्या नाहीत. एलपी 'नाऊ व्हॉट'चीच, नवी कोरी.

फक्त 'अन्या' कुठे बसवू ते सुचेना. ब्लॅकमोर आहे, म्हणून आधी हवं. पण ते आधी लावलं तर दादा "बघ, हा माणूस गेला आणि संपलं" म्हणून पुढचं बंद करेल.

मार्क_टू_जिंदाबाद

नारायणगावनंतर लावा. तोवर त्यांचं ऐकून झालेलं असेल, आणि शेवटचा शब्द ब्लॅकमोरचा राहील. यात माझा स्वार्थ आहे, हे उघड आहे.