नारळीकर वाचायला कुठून सुरुवात करावी?

प्रश्न : माझी भाची अकरावीत आहे. इंग्रजीच्या पुस्तकात खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांचा पानिपतवरचा धडा वाचून वेडी झालीय. मूळ मराठीतून काय देऊ? तिला गणिताची भीती वाटते.

उत्तर १ : आधी तोच धडा मराठीत द्या, ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. ‘यक्षांची देणगी’ या कथासंग्रहात आहे. विश्वासरावांना लागलेली गोळी दुसऱ्या जगात कानाजवळून निघून जाते, आणि तिथून सगळा इतिहासच फिरतो! मी ही कथा नववीत असताना एसटीत वाचली आणि माझा थांबा मागे गेला. खिशातलं ते बखरीचं फाटकं पान अजून डोळ्यांसमोर आहे. गणित लागत नाही हो, इलेक्ट्रॉनचं कोडं ते गप्पांच्या ओघात समजावतात.

उत्तर २ : त्याच संग्रहात ‘कृष्णविवर’ही आहे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत ती ‘नारायण विनायक जगताप’ या नावानं गेली. आद्याक्षरं उलटी वाचा, ज.वि.ना., म्हणजे जयंत विष्णू नारळीकर! अक्षर ओळखू नये म्हणून त्यांच्या पत्नी मंगलाताईंनी ती लिहून काढली. नावाच्या दबदब्याशिवाय पहिलं बक्षीस मिळालं, याचं मला फार अप्रूप आहे.

उत्तर १ : लेखांसाठी ‘आकाशाशी जडले नाते’. पण आधी कथा, घाई नको. ते पुस्तक रात्री गच्चीवर आकाश बघून आल्यावर उघडायला सांगा.

प्रश्न : आजच ‘यक्षांची देणगी’ आणते. मीही वाचेन तिच्याबरोबर.