मदत हवी आहे: फायनल राऊंडनंतर रिजेक्शन आलंय, मेलला उत्तर काय देऊ?

नमस्कार मंडळी, डेटा अ‍ॅनालिस्टच्या जागेसाठी एका कंपनीत माझे इंटरव्ह्यू चालू होते, टेस्ट झाली, टेक्निकल झाला आणि शेवटी मॅनेजरबरोबरचा राऊंड तर खरंच छान गेला, टीममध्ये सध्या काय चाललंय ते त्यांनी स्वतःहून सांगितलं, जॉइन कधी होऊ शकाल हेही विचारलं. आणि काल एचआरचा मेल, तुमची प्रोफाइल चांगली आहे पण आम्ही दुसऱ्या उमेदवाराची निवड केली आहे. कारण काहीच नाही.

खूप वाईट वाटलंय. पण हे काम मला मनापासून हवं आहे, आज नाही तर पुढे कधीतरी, म्हणून गप्प बसायचं नाहीये. उत्तर असं हवंय की रडगाणं वाटू नये आणि माझ्याही हाती काहीतरी लागावं. सध्या एवढं लिहून ठेवलंय:

'कळवल्याबद्दल धन्यवाद. माझी निवड का झाली नाही हे कृपया सांगाल का? पुढे संधी असल्यास माझा विचार व्हावा.'

मैत्रीण म्हणते कारण विचारूच नकोस, कुणी सांगत नाही. खरंय का? मेल एचआरला करू की मॅनेजरना? का सरळ फोन करू?

प्रतिसाद

मी भरतीच्याच कामात आहे म्हणून सांगते. 'का घेतलं नाही' ह्याचं लेखी उत्तर द्यायला एचआर कचरतं, कारण उद्या तेच वाक्य भेदभाव केल्याचा पुरावा म्हणून समोर येऊ शकतं, आणि बऱ्याच कंपन्यांत कारण द्यायचंच नाही असा नियम असतो. त्यामुळे प्रश्न पुढचा विचारा आणि छोटा विचारा, म्हणजे समोरच्याला एका ओळीत उत्तर देता येईल. असं काहीतरी:

'कळवल्याबद्दल आणि सगळ्यांनी दिलेल्या वेळेबद्दल आभार. अशाच जागेसाठी पुन्हा तयारी करताना एसक्यूएल आणि केस स्टडी यांपैकी कशावर जास्त भर द्यावा, हे सांगता आलं तर मदत होईल. ही जागा पुन्हा रिकामी झाल्यास मी नक्की इच्छुक आहे.'

शेवटचं वाक्य काढू नका हं. निवडलेला माणूस नोटीस पिरियडमध्ये जुन्या कंपनीने पगार वाढवला म्हणून तिथेच थांबतो, हे आम्ही नेहमी बघतो, आणि मग पहिला फोन दुसऱ्या नंबरवरच्या उमेदवाराला जातो. त्या वेळी ज्याने नीट उत्तर दिलेलं असतं तो पटकन आठवतो. मेल त्याच थ्रेडमध्ये एचआरला करा, एक-दोन दिवसांत, फक्त पत्ता नो-रिप्लायचा नाही ना ते बघा. न विचारता फोन नको. पाच मिनिटं बोलता येईल का असं मेलमध्येच विचारा, लोक लिहीत नाहीत ते फोनवर सांगतात. आणि काहीही झालं तरी निर्णयावर वाद घालू नका, फेरविचार करा म्हणू नका.

प्रतिसाद

वरच्या ताई बरोबर सांगतायत. फक्त फीडबॅक येईलच असं धरून बसू नका. आजच बसून विचारलेले सगळे प्रश्न आठवून लिहून काढा आणि कुठे एकावर एक उपप्रश्न आले तिथे खूण करा, बहुतेक वेळा उत्तर पुरेसं वाटलं नाही की पॅनेल तिथेच खोदतं. आणि कधीकधी जागा कंपनीतल्याच कुणाला दिलेली असते, तिथे तुमच्या तयारीचा काही संबंधच नसतो.

धागाकर्ती

खूप आभार, मेल असाच पाठवते. एक राहिलं, मॅनेजरना लिंक्डइनवर रिक्वेस्ट पाठवली तर चालेल का?

प्रतिसाद

चालेल की. सोबत दोन ओळींची नोट टाका, त्यांनी ज्या प्रोजेक्टबद्दल सांगितलं त्याचा उल्लेख करा. फीडबॅकचा प्रश्न मात्र तिथे परत नको.